५२५चा आकडा उतरवणाऱ्या अभियंत्यास खुले पत्र

महोदय,

तुमचं नाव लिहीत नाही. नव्या चौकात एकदाही उभं न राहता, रुंदी गुणिले ५२५ करून जो सिग्नलच्या आराखड्यावर सही ठोकतो, त्या प्रत्येकाला हे पत्र आहे.

या ५२५चं कूळ तरी ठाऊक आहे का? १९५८ साली इंग्लंडात वेबस्टर यांनी लिहिलं की हिरव्या दिव्यावर रांग सलग सुटत असली, तर रुंदीच्या दर फुटामागे तासाला १६० मोटारींइतकी वाहतूक निघते. फुटांचे मीटर झाले, १६०चे ५२५ झाले. तोच आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५च्या सिग्नल मार्गदर्शिकेत, आयआरसी ९३मध्ये, आला. आणि तुम्ही त्याला आमच्या नेर गावाचा सॅच्युरेशन फ्लो, म्हणजे हिरव्यावर सलग सुटणारा प्रवाह, म्हणता!

कापसाच्या सीझनमध्ये आमच्या यवतमाळ-अमरावती रस्त्यावर या. बंडी जागची हलायला किती वेळ घेते ते घड्याळ लावून बघा. ट्रॉलीचा ट्रॅक्टर बघा. चौकाच्या तोंडाशी एसटी थांबली की मागची अख्खी बाजू अडते. उलट पांढऱ्या पट्टीपुढे जमलेल्या दुचाक्या हिरवा लागताच एकदम मुसंडी मारतात. म्हणजे आकडा खालीही जातो, वरही. २०१७च्या इंडो-एचसीएमने, म्हणजे भारतीय रस्त्यांच्या क्षमतेच्या पुस्तिकेने, हे ओळखलं. ७ मीटरहून अरुंद बाजूला मीटरमागे ६३०, १०.५ मीटरच्या पुढे ५००, आणि बसचा अडथळा, उजवं वळण, ती मुसंडी यांच्यासाठी वेगळी दुरुस्ती. ते पुस्तक उघडायला कोणी मना केलं होतं?

चूक किती महाग पडते ते वेबस्टरच्याच सूत्राने सांगतो. तीन फेज, १२ सेकंद वाया, तुमच्या आकड्याने चौकाचा भार, म्हणजे येणारी वाहतूक भागिले सुटू शकणारी, ०.६. सिग्नलचा फेरा बसतो ५८ सेकंदांचा. खरा प्रवाह २० टक्के कमी निघाला तर भार ०.७५ होतो आणि फेरा ९२ सेकंदांचा लागतो. ९२ हवे तिथे ५८ लावले की चौक काठोकाठ भरतो. एक एसटी थांबली तरी रांग पुढच्या हिरव्यासाठी उरते. त्या रांगेत दवाखान्यात निघालेलं माणूसही असतं.

नव्या चौकात सिग्नल नसतो, मग मोजायचं कुठे, असं विचाराल. तशाच रुंदीच्या, तशाच वाहतुकीच्या चालू सिग्नलवर जा. हिरव्याचे पहिले काही सेकंद सोडा आणि रांग संपेपर्यंत मोजा, प्रकारवार. एकाच दिवशी नाही, बाजाराच्या दिवशीही मोजा.

ती मोजणी हातात येईपर्यंत आराखड्यावर सही करू नका.

नेरचा एक रहिवासी