जावईबापू जहाजावरून येतात

हिंगोली जिल्ह्यात समुद्र सोडून बाकी सगळे आहे. 1 मे 1999 ला परभणीतून आमचा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा समुद्र मागायचे कुणाला सुचले नसावे. पाणी म्हणून मी पाहिलेले ते सिद्धेश्वर धरणाचे, तेही काठावर बसून पोळी-भाजी खात. असा माणूस लेकीच्या हट्टापायी मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर चढल्यावर सुरुवातीला त्याचे काय झाले असेल, ते तुम्ही ओळखले असेलच. ते सोडा. खरी गंमत बोट लागायची थांबल्यावर सुरू झाली.

निघताना हिने बॅगेत वसमतच्या हळदीची पुडी टाकली होती. या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आमच्याकडे मुरगळलेल्या पायापासून बसलेल्या घशापर्यंत दुसरे औषधच उरलेले नाही. आता लक्षद्वीपला प्रवाळाच्या उथळ कड्यामुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते लांब उभे राहते आणि माणसांची लहान होड्यांतून ने-आण होते. त्या होडीतून परतताना मी नखशिखांत भिजलो, ओला टॉवेल तसाच बॅगेत कोंबला, टॉवेलाखाली पुडी होती आणि पुडीखाली शेवटच्या रात्रीच्या पार्टीसाठी हिने कडक इस्त्री केलेला माझा पांढरा झब्बा. दुसरा धड कपडा नव्हता. तोच घालून गेलो. बँडवाल्याने मला पाहताच लग्नाची धून धरली, लोकांनी वाट करून दिली, आणि एका गुजराती आजींनी माझ्या हातावर 101 रुपये ठेवून मायेने विचारले, ‘बहू कहाँ है?’

ही शेजारीच उभी होती.

त्या रात्री बॅगांना टॅग लावून त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. जहाजावरची पोरे त्या रातोरात उचलतात आणि सकाळी बंदरावर आपल्या हवाली करतात. मला ही पद्धत इतकी आवडली, की मी उत्साहाने होते नव्हते ते सगळे घड्या घालून भरले, कुलपे लावली, बॅगा बाहेर लावल्या आणि निर्धास्त झोपलो. सकाळी जहाज बॅलार्ड पिअरला लागले तेव्हा अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती, आणि केबिनमध्ये उरलेले एकमेव वस्त्र म्हणजे हिने धुऊन बाथरूममध्ये वाळत टाकलेला तोच झब्बा. हळद धुऊन जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बंदरावर बॅगा मिळाल्या, पण किल्ली मिळेना. किल्ली पँटच्या खिशात होती.

पँट बॅगेत होती.

कुलूप तोडायला वेळ नव्हता, दुपारची जनशताब्दी गाठायची होती. पूर्वी ही गाडी जालन्यालाच संपायची. तेव्हा निदान तिथे उतरून एखादा पायजमा तरी घेता आला असता. 2024 पासून ती थेट हिंगोलीपर्यंत येते, त्यामुळे मीही थेट हिंगोलीपर्यंत तसाच आलो. समोरच्या सीटवरचे लहान पोर मनमाडपर्यंत माझ्याकडे पाहत होते. नंतर त्याच्या आईने त्याला खिडकीकडे वळवले.

आणि एक नवेच झेंगट सुरू झाले होते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते म्हणे. ती बोटीच्या हेलकाव्यांना सरावली, की जमिनीवर उतरल्यावरही काही वेळ डोलतच राहते. रात्री हिंगोलीच्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला आणि प्लॅटफॉर्म डावीकडे कलला. मी उजवीकडे गेलो. तो उजवीकडे आला. डोळे जागरणाने लाल, तोंडात गाडीत घेतलेली बडीशेप, खाली चड्डी, आणि समोर आम्हाला न्यायला आलेले माझे सासरे. मामा माळकरी आहेत, संत नामदेवांच्या नर्सीची एकादशी त्यांनी कधी चुकवलेली नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि लेकीकडे वळले.

ही घाईघाईने माझ्या मदतीला धावली. म्हणाली, ‘बाबा, रागावू नका. पहिलीच वेळ होती, सवय नाही न त्यांना!’

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा दंड घट्ट धरून गाडीकडे नेताना हळूच म्हणाले, ‘जावईबापू, येत्या एकादशीला नर्सीला चला. माळ घालून घेऊ.’

मी होकारार्थी मान डोलावली. ती काही केल्या थांबेना.