दहानंतरचे काका

दहानंतरचे काका हे शहरी गृहनिर्माण सोसायट्यांत आढळणारे, साठीच्या थोडे अलीकडचे किंवा पलीकडचे गृहस्थ होत. पुण्यात कोथरूडपासून वाकडपर्यंत ते सर्वत्र सापडतात. मुंबईच्या बाजूला ठाणे-डोंबिवलीकडे त्यांची वस्ती जास्त दाट आहे. दिवसा ते इतर काकांसारखेच दिसतात. मेंटेनन्सच्या पावत्या तारखेवार लावून ठेवतात, लिफ्टमधला पंखा उगाच फिरताना दिसला तर बंद करतात, टँकर किती आले याची वॉचमनकडे चौकशी करतात. त्यांची खरी ओळख रात्री पटते. वरच्या फ्लॅटमधल्या पार्टीचा आवाज ऐकून दहा वाजून एक मिनिटाने जे उठतात, ते या प्रकारात मोडतात. नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी उठणारा माणूस नुसता चिडका असतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण काकांचे वैर गोंगाटाशी असते असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वरच्या पोरांनी साडेनऊला लावलेल्या गाण्यावर काकांचा पायाचा अंगठा हलताना काकूंनी पाहिलेला आहे. तेच गाणे दहानंतर वाजले की तो अत्याचार होतो. झोपमोड झाली अशीही काकांची तक्रार नसते. ते साडेअकरापर्यंत जागेच असतात, आणि पार्टी असल्याचा सुगावा लागला तर मुद्दाम जागे राहतात. त्यांचे भांडण घड्याळासाठी असते.

घड्याळाला कायद्याचा आधार आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम केंद्र सरकारने १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित केले. वरच्या पोरांच्या पार्ट्यांपैकी एक याच तारखेला असते, हे काकांना नियतीचे पाऊल वाटते. या नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४०. खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नको. मर्यादा १० डेसिबलने ओलांडली, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर कोणालाही तक्रार करता येते. ४५, ५० आणि ५५ या तीन आकड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत काकांचे निवृत्तीनंतरचे आयुष्य जाते.

यातला ‘हद्द’ हा शब्द काकांनी लाल शाईने अधोरेखित केलेला असतो. बंगल्याची हद्द म्हणजे कुंपण, हे उघड आहे. फ्लॅटची हद्द कुठली? पोरांच्या मते दार. काकांच्या मते पोरांची फरशी, म्हणजेच काकांचे छत, म्हणजेच जिथे काका उताणे पडून बघत असतात ती जागा. या मुद्द्यावर दोन्ही पक्षांची बाजू न्यायालयात कधी मांडली गेली तर ऐकण्यासारखी होईल.

मोजमापाचा अध्याय काकांच्या बाबतीत जरा दुःखाचा आहे. मोबाईलवर डेसिबल मोजणारे ॲप नातवाकडून घेतल्यावर त्यांनी पहिले माप आपल्याच झोपण्याच्या खोलीत घेतले, तर पार्टी नसतानाच आकडा अठ्ठेचाळीस. शोधाअंती गुन्हेगार सापडला तो छताचा पंखा. तेव्हापासून माप घेताना पंखा बंद करण्याचा प्रघात पडला. मे महिन्यातल्या रात्री एक गृहस्थ बंद पंख्याखाली, घामाने निथळत, मोबाईल छताकडे धरून स्टुलावर उभे आहेत, हे दृश्य काकूंना आता सवयीचे आहे. त्यांनी बोलायचे तेवढे नाही, कारण साधे बोलणेही साठच्या घरात जाते.

दुःखाचे दुसरे कारण खोल आहे, आणि त्यात काकांची बाजू खरी आहे. पार्टीतले गाणे खाली येत नाही. खाली येते ते फक्त ‘धप्प, धप्प’. पातळ, उंच स्वर भिंती आणि स्लॅब अडवतात. जाड, खालचे स्वर त्यातून सहज पार होतात. मांडणीवरची ताटे थरथरतात, काचेच्या कपाटातला निरोपसमारंभाचा करंडक किणकिणतो. मात्र नियमांतली मर्यादा डेसिबलच्या ‘ए’ मापनात दिलेली आहे. हे मापन माणसाच्या कानासारखे ऐकते, म्हणजे खालच्या स्वरांना फारशी किंमत देत नाही. ५० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून ते सुमारे ३० डेसिबल वजा करून टाकते. त्यामुळे करंडक किणकिणत असतो आणि यंत्र शांत असते. काकांनी हे कुठेतरी वाचले त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सरासरीचेही असेच. मर्यादा ठराविक काळाच्या सरासरीवर बेतलेली आहे. बँकेत हयात घालवलेले काका तासातासाला आकडे टिपून बेरजेला आठाने भागतात. डेसिबलची सरासरी अशी निघत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे एका तासाचा धिंगाणा सात तासांच्या शांततेत विरघळून जात नाही. हिशेब बरोबर केला तर तो काकांच्याच बाजूने झुकतो. पण निवृत्त बँक अधिकाऱ्याला त्याची सरासरी चुकली हे सांगायला वॉचमन, सेक्रेटरी आणि जावई या तिघांपैकी कोणीही धजावलेले नाही.

यंत्राने दगा दिल्यावर काका परिस्थितीजन्य पुराव्याकडे वळतात. जिन्याने वर जाऊन ते पार्टीच्या दाराबाहेरचे जोड मोजतात. भाडेकरारात माणसे तीन आणि दारात जोड तेवीस, ही नोंद ते वेळेसह डायरीत करतात. चप्पल एकच असलेला एखादा जोड असतो. त्याची अर्धा म्हणून वेगळी नोंद होते.

यानंतर फोन. पूर्वी १०० हा आकडा होता, आता ११२. राज्यातून ११२ वर केलेला फोन मध्यवर्ती केंद्रात, म्हणजे नवी मुंबईला किंवा नागपूरला उचलला जातो, आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. काकांना हे मान्य नाही. ते पत्ता सांगतात तो शेजाऱ्याला सांगावा तसा: मारुतीच्या देवळामागे, पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती तिथे. पलीकडची मुलगी शांतपणे विचारते, “सर, कुठलं मारुती मंदिर?” पुण्यातल्या माणसाला या प्रश्नाचा जो धक्का बसतो तो ४५ डेसिबलमध्ये मावत नाही.

तक्रारदाराने नाव सांगण्याची सक्ती नाही. प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांविषयी कुर्ल्यातून आलेल्या एका याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितले की तक्रारदाराची ओळख विचारत न बसता कारवाई करावी. शेजारधर्म टिकावा आणि तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठी ही सोय उत्तम आहे. काकांना ती अपमानास्पद वाटते. ते नाव, वडिलांचे नाव, आडनाव, फ्लॅट क्रमांक आणि ज्येष्ठ नागरिक असल्याचा उल्लेख असा संपूर्ण मायना देतात आणि ‘लिहून घेतलंत का?’ असे दोनदा विचारतात.

मोटारसायकलवरून दोन बीट मार्शल येतात. गेटवर वॉचमन फक्त मान वर करून मजला दाखवतो. बेल वाजताच आत इतकी शांतता पसरते की जणू तेवीस जण ध्यानाला बसले आहेत. दार उघडणारा मुलगा नेहमी सर्वांत सोज्वळ निवडलेला असतो. चष्मा असल्यास उत्तम. “सर, बर्थडे आहे, दहा मिनिटांत बंद करतो.” मार्शल “आवाज कमी करा, वर तक्रार आली आहे” एवढे बोलून निघतात. कायद्यात याहून बरेच काही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवाला हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडसंहितेत तो दोनशे होता. पर्यावरण (संरक्षण) कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती; २०२३ च्या दुरुस्तीने कैद गेली आणि दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. काका पंधरा लाखांचा आकडा जिन्यातून मोठ्याने सांगतात. मार्शल हेल्मेट चढवत ऐकतात, “हो काका,” म्हणतात आणि पुढच्या निरोपाला जातात, कारण त्या रात्रीचे ते तिसरे किंवा चौथे काका असतात.

वीस मिनिटांनी ‘धप्प’ परत येते. ‘दहा मिनिटं’ या शब्दांचा दोन्ही मजल्यांवरचा अर्थ वेगळा आहे. मग काका स्वतः जातात. रागाबरोबर त्यांच्या भाषेतला आदर वाढत जातो, हे या प्रकाराचे हमखास लक्षण. पहिल्या बेलला ‘अरे मुलांनो’, दुसऱ्या बेलला ‘अहो मिस्टर’, आणि तिसऱ्या बेलला ‘आपण’. ‘आपण सुशिक्षित दिसता’ हे वाक्य आले की आतले जाणते लोक आपापले जोड शोधू लागतात.

काकूंची पद्धत निराळी आहे. त्या वर जाऊन दार वाजवतात आणि हळू आवाजात सांगतात, “बाळ झोपलंय रे खाली.” आवाज तत्काळ बंद होतो, पोरे क्षमा मागतात, कोणीतरी केकचा तुकडाही देते. सगळ्या प्रकाराला चार मिनिटे लागतात. खाली बाळ नसते. काकांच्या मते ही पोलीस यंत्रणेची फसवणूक आहे. केक मात्र ते खातात.

दुसऱ्या दिवशी प्रकरण फ्लॅटच्या मालकाकडे जाते. मालक बहुधा न्यू जर्सीत असतो. काका त्याला रात्रीच संदेश पाठवतात, कारण हिवाळ्यात इथे रात्रीचे साडेदहा तेव्हा तिथे दुपारचे बारा, आणि जेवणाच्या सुट्टीत मालक मोबाईल बघतो. त्याच्या उत्तरात नेहमी एक आठवण असते: कॉलेजात असताना याच इमारतीच्या गच्चीवर त्याने केलेली पार्टी आणि तेव्हाच्या एका काकांनी बंद केलेला गच्चीचा मेन स्विच. मग तो भाडेकरूंना बोलण्याचे वचन देतो. भाडे वेळेवर येत असल्याने बोलत नाही.

ऋतुमानाप्रमाणे काकांचे वागणे बदलते. राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ध्वनिवर्धकाची मुभा दहाऐवजी बारापर्यंत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही सवलत वैध ठरवली, आणि त्याच वर्षी दहा ते सहा या वेळेतील ध्वनिवर्धक व ढोल-कर्ण्यांवरील बंदीही ठामपणे सांगितली. या दिवसांची यादी दरवर्षी जाहीर होते. काका ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. गणपतीतल्या सवलतीच्या रात्री ते बारा वाजेपर्यंत मंडपासमोर खुर्ची टाकून बसतात, कारण हा आवाज कायदेशीर आहे. बारा वाजून एक मिनिटाने उठतात. ३१ डिसेंबर यादीत असला तरी ती सवलत सणाची आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलची नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. त्या रात्री पोरांना ते आणखी एक गोष्ट सांगतात: दारूचा परवाना. महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि बिअर-वाइन सोडून इतर दारूसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. दारातल्या तेवीस जोडांपैकी पंचविशीच्या आतले किती, हे बुटांच्या रंगावरून ओळखण्याची विद्या त्यांना अवगत आहे.

काकांची उत्पत्ती कशी होते याबद्दल एकमत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांपासून सुरुवात होते असे काही मानतात. प्रत्यक्ष पाहणीत वेगळेच दिसते: पार्टी करणारा मुलगा लग्न करतो, त्याला खरोखरचे बाळ होते, ते पावणेदहाला कसेबसे झोपते, आणि वरच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू येतात. पहिल्या रात्री तो आठवणीने हसतो. दुसऱ्या रात्री स्पीकरची जागा कुठे असेल याचा अंदाज बांधतो, कारण त्याला ती माहीत असते. तिसऱ्या रात्री दहा वाजून एक मिनिटाने तो उठतो. अशा तरुण काकांना मूळचे काका जिन्यात गाठून डायरी कशी लिहायची ते दाखवतात.

कायद्यातली रात्र सकाळी सहाला संपते. पहाटे साडेपाचपासून काका स्वयंपाकघरात तयार उभे असतात. भिजवलेली डाळ मिक्सरच्या भांड्यात, झाकण घट्ट, बोट बटणावर. वरची पोरे चारला झोपलेली असतात. सहाच्या आधी तो मिक्सर लागल्याची एकही नोंद नाही.