परदेशी संगीतशिक्षण आणि एकट्याने बेटवारी : होतकरूंसाठी सूचना

संगीत शिकायला परदेशात नेमकं कुठं जावं, हा प्रश्न कोयनानगरात पूर्वी कुणाला पडत नसे. इथं पावसाळ्यात दोनच प्रश्न : धरण किती टीएमसी भरलं आणि दरवाजे कधी उचलणार. परंतु काळ बदलला आहे. जून लागल्यापासून प्रस्तुत लेखकाच्या घरी एक भाचा मुक्कामाला आहे. कराडला इंजिनिअर झाला, पुण्यातल्या कंपनीचं काम घरबसल्या करतो, सतार वाजवतो आणि सतार शिकायला युरोपात जाणार आहे. "तुझ्याकडं शांतता आहे, राहू दे थोडे दिवस," असं म्हणून ताईनं त्याला आमच्याकडं धाडला. त्याच्या निरीक्षणातून हे मार्गदर्शन सिद्ध झालं आहे. गरजूंनी लाभ घ्यावा.

प्रथम तक्ता करावा. तक्त्यावाचून परदेशगमन घडत नाही. रकाने फी, व्हिसा, थंडी, वसतिगृह, शाकाहार असे आखावेत, आणि शेवटचा 'जवळचं बेट' असा ठेवावा. हा रकाना पाहून प्रस्तुत लेखकही चमकला होता. त्यावर खुलासा असा मिळाला, की सुट्टीत एखाद्या बेटावर अगदी एकट्यानं राहिल्याशिवाय कलावंताला स्वतःचा सूर सापडत नाही. हा खुलासा चालू असताना मामी ताटात भात वाढत होती आणि वरण कुठं आहे हे कलावंताला ठाऊक नव्हतं.

तक्ता मात्र कच्चा नाही, हे कबूल केलं पाहिजे. रॉटरडॅमला कोडार्ट्स नावाच्या संस्थेत हिंदुस्थानी संगीताची रीतसर पदवी मिळते. हरिप्रसाद चौरसियांनी तो विभाग वर्षानुवर्षं सांभाळला. बेट : टेक्सेल, डेन हेल्डरहून बोटीनं वीसेक मिनिटं. हेलसिंकीत सिबेलियस अकादमी. बेट : सुओमेनलिना, किल्ल्यासकट. कॅलिफोर्नियात सान राफाएलला अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज. बेट : एंजल आयलंड. हे कॉलेज निघालं 1967 साली, म्हणजे ज्या वर्षी डिसेंबरातल्या पहाटे आमची कोयना हादरली त्याच वर्षी. हा योगायोग मी मोठ्या कौतुकानं सांगितला, तर चिरंजीवांनी 'इतर माहिती' या रकान्यात 'भूकंप : आहे' एवढंच टिपून घेतलं.

मिरजेचं नाव तक्त्यात नाही. का, तर बेट नाही. ज्या सतारीवर हे सगळं चाललंय ती कुठली? मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं घडवायला घेतली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुणाच्या लाकडाची. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब कैराण्याहून येऊन त्याच गावात राहिले, आणि 1937 साली मद्रासकडच्या प्रवासात गेले तरी दफन मिरजेलाच झालं. तिथल्या दर्ग्यात अजून दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. कोयनानगरहून एसटीनं कराड, तिथून रेल्वेनं मिरज. पण व्हिसा लागत नाही, म्हणजे दर्जा नसणार.

(इथं प्रस्तुत लेखकाचा आवाज चढला होता. पुढं चालू.)

स्थळ निवडताना पूर्वसुरींचा मार्ग अभ्यासावा, परंतु अनुसरू नये, झेपणार नाही. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी धार, ग्वाल्हेर असे वणवण फिरले आणि वासुदेवबुवा जोशांकडं टिकले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजली ती त्या वणवणीमुळं. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे; त्यांनी 1901 साली विद्यालय काढलं ते थेट लाहोरला. मग मिरजेच्या संस्थानिकांनी आपल्या गावचा नऊ-दहा वर्षांचा विनायक पटवर्धन 1907 साली तिकडं शिकायला धाडला. तेव्हा तिकीट काढलं की झालं. आज त्याच लाहोरचा व्हिसा काढून दाखवा, मग रॉटरडॅमचं कौतुक सांगा.

सर्वांत स्वस्त मार्ग मोगूबाई कुर्डीकरांचा. नाटक मंडळी सुटलेली, पंधराएक वर्षांची मुलगी 1919 साली सांगलीत रियाज करत बसलेली. अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत आलेले. जाता-येता तो आवाज त्यांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन शिकवायला लागले. तात्पर्य, खोली रस्त्याच्या बाजूची घ्यावी. अट एकच : गुरू खालून जातील तेव्हा आत रियाज चालू असावा. आत तक्ता चालू असेल तर गुरू पुढं निघून जातात.

आता थोडं कामाचं. संस्थेचं नाव बघून अर्ज करू नये, शिकवणाऱ्याचं नाव बघून करावा. पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कोण बसतं, आठवड्याला एकट्याची शिकवणी किती वेळ, हे सरळ पत्र घालून विचारावं आणि आधी एक धडा मिळतो का तेही विचारावं. बरेच जण देतात. व्हायोलिन-पियानोवाल्यांनी जर्मनी बघावी. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना 2017 पासून सहामाहीला 1500 युरो पडतात. फी नसली म्हणून हुरळू नये, प्रवेश परीक्षा घाम काढते. शिवाय तिकडं रात्री दहानंतर शेजाऱ्याला आवाज गेलेला चालत नाही. इथं आम्ही रात्री बारापर्यंत सतारीवरचा झाला ऐकतो आणि पंखा चालू असल्याचं नाटक करतो.

वाद्य सोबत नेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. कोयनेचा पावसाळा म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. इथं जवळच नवज्याला हंगामात पाच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर कुणी मान वर करून बघत नाही. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, पापड वाकतात. सतारीच्या खुंट्या फुगून बसतात, पिळल्या तर कुरकुरतात आणि हटवादीपणानं तिसऱ्याच सुरावर थांबतात. मग भाचा खुंटी अलगद बाहेर काढतो, तिला खडू घासतो, फुंकर मारतो, परत बसवतो. वाजवून झालं की प्रत्येक तार खोबरेल लावलेल्या फडक्यानं पुसतो, नाहीतर आठवड्यात गंज चढतो. तरफेच्या तारांखाली फडकं जात नाही, तिथं तो जुन्या ब्रशाला चिंधी गुंडाळून काम करतो. या वेळी त्याच्याशी बोललं तरी त्याला ऐकू येत नाही. तक्ता उघडा असतो, त्याच्याकडंही लक्ष नसतं. हे पाहिल्यावर त्याच्यावर रागावणं अवघड जातं.

युरोपात नेमकं उलट. हिवाळ्यात खोल्या तापवलेल्या, हवा कोरडी ठणठणीत. आमच्या दमटात वाढलेली तबली तिथं तडकू शकते. म्हणून हिटरजवळ वाद्य ठेवू नये, खोलीत ओलावा राहील अशी सोय करावी. विमानात न्यायची तर तारा उतरवून, कडक पेटीत, भोपळ्याभोवती कपडे कोंबून. त्यात मामीनं दिलेली गोधडीही जाते. तेवढंच आमचं समाधान.

बेटाविषयी. एकट्यानं बेटावर जाण्यासाठी बेट, एकटेपणा आणि परतीची बोट एवढं पुरतं. सातारा-सांगलीला बेट नाही हा भाच्याचा दावा धादांत खोटा आहे. वाळवा तालुक्यात बहे इथं कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथं उभा आहे. रामाच्या पूजेच्या वेळी नदी चढली, तेव्हा मारुतीनं हात पसरून प्रवाह दोन्हीकडं वळवला, अशी तिथली कथा. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढं तिकडंच जातं. आमचे दरवाजे उचलले की त्या मारुतीला पुन्हा कामाला लागावं लागतं. टेक्सेलला अशी सोय आहे का, विचारून घ्यावं.

आणि एकट्यानं पाण्यावरून जायचं अप्रूप असेल, तर आमच्या धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या टोकाला तापोळा-बामणोलीकडं जावं. धरणाच्या पाण्यानं रस्ते तुटलेल्या कांदाटी खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बाजाराला, दवाखान्याला लाँचनं ये-जा करत आल्या आहेत. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर, कुणाशी बोलणं नाही. त्यांचे फोटो कुणी काढत नाही. त्यांना स्वतःचा सूर सापडला का, असं विचारायची माझी छाती नाही.

ध्वनिमुद्रण पाठवताना पाऊस थांबायची वाट पाहू नये. ऑक्टोबर उजाडेल.

भाच्यानं वाट पाहिली नाही. परवा रात्री लाइट गेलेली असताना त्यानं देस वाजवला, फोनवर मुद्रित केला आणि रॉटरडॅमला पाठवून दिला. मागं पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. वाजवणं चांगलं झालंय. मला गाण्यातलं कळतं थोडंफार, म्हणून सांगतो.

तरी वाचकांपैकी कुणाची रॉटरडॅमला ओळख असल्यास एक खोली बघावी. शेजारी गाण्याचा शौकीन असावा किंवा ठार बहिरा, मधला नको. हिटर सतारीपासून लांब हवा. भाडं कळवावं ते माझ्याकडं. भाच्याला इतक्यात सांगू नये, तो लगेच तक्त्यात घालील.