नऊ ते पाच स्वस्ताई

नव्या स्मार्ट मीटरवर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 वीज स्वस्त. युनिटमागे 80 पैशांपासून रुपयापर्यंत सूट. दिवसा सौरवीज मुबलक, ती तेव्हाच खपवावी म्हणून 2023 साली देशभरासाठी तसा नियमच झाला. योजना झकास आहे. अडचण एवढीच की घरकाम करणारी मावशी सकाळी सातला खोलीला कुलूप लावते, ते संध्याकाळी सातला उघडते. मधल्या वेळात स्वस्त वीज तिच्या मीटरपर्यंत येते, कुलूप बघते आणि थांबून राहते.

पण मावशी स्वस्त वीज वापरत नाही असं कुणी म्हणू नये. भरपूर वापरते! अकराला तिसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीन, बाराला पाचव्या मजल्यावर मिक्सरमधलं वाटण, दोनला सातव्या मजल्यावर इस्त्री. बटण मावशीचं, सूट वहिनींची. वहिनींनी ॲपवर आलेख बघून मावशीला बजावलंय, "नऊच्या आत मशीन लावायचं नाही हं." म्हणजे वीजबचतीचं रीतसर प्रशिक्षण मावशीला मिळालेलं आहे. ते स्वतःच्या घरी वापरायचं तर रजा काढावी लागेल. महिन्याचे साठच्या साठ युनिट तिने भर दुपारी घरी बसून जाळले, तरी 80 पैशांनी वाचतात 48 रुपये. एका दिवसाचा खाडा त्याहून महाग पडतो. तिच्या खोलीतला जुना फ्रिज तेवढा दिवसा इमानदारीने चालू असतो, त्याच्या पुण्याईने महिन्याकाठी एखादा कटिंग चहा सुटेल.

तोही मीटर तिच्या नावावर असेल तर! एका मीटरवर चार खोल्या असल्या की चौघींचे युनिट मिळून शंभराच्या वर जातात, आणि कमी वापरणाऱ्यांसाठी ठेवलेला दर चौघींनाही पुरता मिळत नाही. वर घरमालक सब-मीटर लावून स्वतःचा दर ठरवतो, आणि त्या दराला दिवस-रात्र काही कळत नाही. त्यात तो स्थिर आकार! पंखा फिरो न फिरो, तो द्यायचाच. आणि त्या न वापरलेल्या विजेच्या आकारावरही 16 टक्के वीज शुल्क. हा कुठला हिशेब? कुलूपबंद खोलीकडून कर घ्यायला लाज वाटत नाही, आणि सूट देताना मात्र घड्याळ दाखवता?

सूट द्यायचीच असेल तर पहिल्या शंभर युनिटांवर द्या, चोवीस तास. आणि स्थिर आकारावरचं शुल्क त्याआधी काढा.