विचारलं तर सांगणारे मास्तर

नगरकडच्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये हे मास्तर असतातच. मिशनच्या शाळेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं आणि खिशात योहानाच्या शुभवर्तमानाची छोटी प्रत. ती कुणाला तरी द्यायची असते. कोपरे झिजून गोल झाले, प्रत अजून खिशातच आहे.

चौकात कर्णा लावून तारणाची घोषणा करणाऱ्यांचा मास्तरांना मनापासून तिटकारा. त्यांचा सगळा भरवसा पेत्राच्या पहिल्या पत्रावर, तिसऱ्या अध्यायातल्या पंधराव्या वचनावर. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सांगायला तयार असा, पण सौम्यपणे, असा त्याचा आशय. म्हणजे आधी प्रश्न, मग उत्तर. मास्तरांना हे पटलेलं आहे. जन्मभर वर्गात तेच केलं.

उत्तर तयार आहे. तीन मुद्दे, प्रत्येकाला एक दाखला. अडलंय ते प्रश्नावर. ‘मास्तर, तुम्ही इतके शांत कसे हो?’ असं कुणीतरी विचारावं म्हणून ते बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, तास झाला तरी न आलेल्या एसटीच्या फलाटावर चेहऱ्यावर प्रसन्नता धरून बसतात. लोक विचारतातही. ‘मास्तर, बरं नाही का?’ एकानं तर पाण्याची बाटली पुढे केली होती.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट त्यांना तोंडपाठ. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले, डब्यात एक साहेब भेटला, गप्पा काव्यावर रंगल्या आणि उतरण्यापूर्वी साहेबानं नवा करार हातात ठेवला. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मास्तरांनी यातून धडा घेतला तो असा, की सुरुवात समोरच्याच्या आवडीच्या विषयानं करायची. टिळकांना काव्य आवडायचं. दौंडच्या गाडीत भेटणाऱ्यांना कांद्याचा भाव आवडतो. कांद्यापासून ख्रिस्तापर्यंत जाणारी वाट असेलही, पण मास्तरांना ती दौंड येईपर्यंत सापडत नाही. एकदा पंढरपूरला निघालेल्या माळकऱ्यानं त्यांना दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत विठ्ठल समजावून सांगितला आणि वर हरिपाठाची पुस्तिका दिली. मास्तरांनी ती संपूर्ण वाचली, आवडली हेही मान्य केलं. बदल्यात योहान द्यायचा मात्र राहिला. ‘त्यांनी विचारलंच नाही,’ म्हणाले.

मास्तरांच्या घरच्या बाईंचं वेगळं. त्या धर्माबद्दल अवाक्षर काढत नाहीत. नाताळात आळीभर करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं जातात. शेजारच्या आजी पडल्या तेव्हा रात्री दवाखान्यात त्याच बसल्या. प्रार्थना केली असणार, पण डब्याची पिशवी सावरता सावरता, कुणाला कळू न देता. मास्तर याला ‘नुसती सेवा’ म्हणतात. त्यात मुद्दे नाहीत ना!

त्याच आजींचा मुलगा परवा रिकामा डबा परत करायला आला. दारातच घुटमळला. म्हणाला, ‘मास्तर, एक विचारू? तुम्ही लोक इतकं सगळ्यांचं करता, ते कशामुळे?’

मास्तर ताडकन उभे राहिले. चष्मा लावला, काढला. पहिला मुद्दा गेला, त्याच्या पाठोपाठ दाखलाही गेला. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे... येशूमुळे. आपल्यावर त्याची माया आहे, म्हणून.’ आणि गप्प बसले. खिशातल्या प्रतीची आठवणसुद्धा झाली नाही.

पोरगा मान हलवत म्हणाला, ‘आई म्हणत होती, एकदा तुमच्याकडची प्रार्थना बघायचीय. रविवारी किती वाजता असते?’

लहानपणापासून एक रविवार न चुकवलेल्या मास्तरांना वेळ आठवेना. ते आढ्याकडे बघत राहिले.

‘साडेआठला,’ बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. ‘आणि आजींना म्हणावं, पायऱ्या आहेत, मी न्यायला येते. जेवायला इथंच या.’