अभ्यासक्रमाबाहेरची सब्बल

(मेडशीचं आरोग्य केंद्र. घामाघूम पोट्टा खुर्चीत. बाजूच्या बाकावर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले हमाल काका.)

पोट्टा : सिस्टर, लौकर बीपी पाहा. डोकं ठनकू रायलं.

सिस्टर : काय उचलून आलास?

पोट्टा : घरीच जिम केली. तेलाच्या दोन डब्यात सिमेंट भरलं, मधात सब्बल टाकली. पोलीस भरती हाय ना!

हमाल : थे सब्बल मायी हाय! दिवाळीपासून शोधू रायलो.

पोट्टा : काका, आता निंगत नाई थे. सिमेंट वायलं.

सिस्टर : पाच मिनिटं गप्प बस, मग मोजते.

पोट्टा : आताच मोजा ना! खरा आकडा तं आता हाय.

सिस्टर : खरा आकडा ऐकायचाय? १९८५ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून, पायांनी वजन ढकलताना दाब मोजला. सरासरी ३२० वर २५०. एकाचा तर ४८० च्याही वर.

हमाल : अन् मले १६० साठी लोनचं बंद केलं!

सिस्टर : काका, त्यांचा तेवढ्यापुरता होता, वजन ठेवलं की उतरला. तुमचा बसल्या जागी १६० आहे.

पोट्टा : पन येवढा चढते काहून?

सिस्टर : आवळलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो, हृदय मात्र जोर लावतच असतं. पाइपाचं तोंड दाबून मोटार चालू ठेवल्यावर होतं तसं. त्यात श्वास कोंडला की छातीतल्या दाबाची भर. कोंडला होतास ना?

पोट्टा : कोंडाच लागते! रीलवाला भाऊ म्हन्ते…

सिस्टर : भाऊला घेऊन ये, त्याचंही मोजू.

हमाल : आमी पोतं उचलताना 'हुश्श' करतो, थे कसं?

सिस्टर : तेच बरोबर. जोर लावताना श्वास सोडायचा.

हमाल : आयक बे! आमी अडत्याच्या दुकानात फुकट शिकलो. तू रिचार्ज मारून उलटं शिकला.

पोट्टा : मंग माह्या नसा खराब झाल्या का जी?

सिस्टर : घाबरू नको. धमनीला आतून पातळ अस्तर असतं. रक्ताचा ओघ वाढला की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैलावते. या वायूची कामगिरी शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. पुढं अमेरिकेत बैठ्या माणसांना जड वजन ढकलायला लावलं, तर त्यांच्या हाताच्या धमनीचं सैलावणं लगेच कमी झालं. नेहमी वजन मारणाऱ्यांचं मात्र होतं तसंच राहिलं.

पोट्टा : मी दुसऱ्या गटात!

हमाल : तू? मैनाभर खाटेवर पडून मोबाइल उचलू रायला होता.

सिस्टर : म्हणून हलक्या वजनापासून सुरुवात कर, हळूहळू वाढव. आणि वजनानंतर पळ. जपानमध्ये तपासून पाहिलंय. वजन मारून मग पळणाऱ्यांच्या धमन्यांचा ताठरपणा कमी झाला. आधी पळून नंतर वजन मारणाऱ्यांच्या होत्या तशाच राहिल्या.

पोट्टा : पयनं आपल्याले जमत नाई, सिस्टर. आपलं लक्ष गोळाफेकीवर हाय.

सिस्टर : शिपाई भरतीत मैदानी गुण किती?

पोट्टा : ५०.

सिस्टर : त्यात गोळ्याला?

पोट्टा : १५.

सिस्टर : आणि बाकीचे?

पोट्टा : (पुटपुटत) सोळाशे मीटरले २०… शंभरले १५.

हमाल : ३५ गुन पयन्याचे! अन् हा समोरच्या घरून अथी गाडीवर आला!

सिस्टर : (पट्टा बांधून) १३४ वर ८६. उतरलंय. पण उचलताना डोकं ठणकलं, तेव्हा डॉक्टरांना दाखवूनच घरी जा. ते हो म्हणाले तर हलकं वजन, श्वास मोकळा, मग सोळाशे मीटर.

पोट्टा : म्हंजे भरतीवाल्याइनं अन् नसाइनं पेपर एकच काढला?

हमाल : हो ना बावा. तूच एकटा दुसऱ्या पेपराचा अभ्यास करू रायला होता.