सर, लेटर आजच देताय का?

आमच्या कंपनीत प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं, याचा एक अलिखित नियम आहे: ज्याच्यावाचून काम अडत नाही, त्याला. त्यामुळे 'कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य आणि व्यवस्थापकाची भूमिका' या कार्यशाळेसाठी अकाउंट्समधून माझं नाव गेलं, तेव्हा विभागात कुणालाच नवल वाटलं नाही.

कार्यशाळा चांगली होती, हे आधीच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत व्यवस्थापकांना असं प्रशिक्षण द्या म्हटलं आहे. नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी कामाचे १२ अब्ज दिवस बुडतात, असा त्यांचाच अंदाज. मी हिशेबी माणूस. आकडा वहीत उतरवला आणि भागाकार करत बसलो. तेवढ्यात शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली: व्यवस्थापकाने डॉक्टर व्हायचं नाही, बदल ओळखायचा, ऐकून घ्यायचं आणि माणसाला योग्य ठिकाणी पोचवायचं. ती माझ्या वहीत नाही.

वहीत होतं ते इतकंच: समोर न बसता कोनात बसावं. हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळावेत. शांततेला घाबरू नये.

सोमवारी सुरुवात कॅशच्या काकांपासून केली. खुर्ची ओढून कोनात बसलो, मान तिरकी केली आणि विचारलं, "काका, आतून कसं वाटतंय?"

काकांनी चष्मा वर केला. "आतून ना? कालपर्यंत जड होतं. रात्री एरंडेल घेतलं."

उत्तर इतकं मोकळं येईल, याची तयारी कार्यशाळेत करून घेतली नव्हती.

मग बिलिंगच्या मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, कोनात बसलो आणि शांततेला न घाबरता गप्प राहिलो. मॅडमही गप्प. वर पंखा. टिश्यूचा नवाकोरा खोका मी हळूच त्यांच्याकडे सरकवला, तशा त्या पांढऱ्याफटक पडल्या. "सर, लेटर आजच देताय का?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणसं कमी करणार ही बातमी गोदामात पोचली. संध्याकाळी ऑफिसच्याच प्रिंटरवर बायोडेटा छापले गेले. एकाचं दुसरं पान ट्रेमध्ये राहिलं, म्हणून मला कळलं. ज्या ताणावर उतारा द्यायला निघालो होतो, तो मी एका दिवसात सगळ्या मजल्याला वाटला होता.

मग मी धसका घेऊन कुणाशी बोलेनासाच झालो. डबाही केबिनमध्येच उघडायचा आणि अर्धा परत न्यायचा. शेवटी काकाच आत आले, शेजारची खुर्ची ओढून बसले. "साहेब, गप्पगप्प आहात. घरी बरंय ना सगळं?" एवढं विचारून निवांत थांबले. मी काय काय बरळलो ते त्यांनी ऐकलं आणि उठताना म्हणाले, "बँकेचा ताळमेळ राहू द्या, मी बघतो."

बदल हेरला, ऐकून घेतलं, वर ओझंही उचललं. काकांना आजवर कुठल्याच प्रशिक्षणाला पाठवलेलं नाही. त्यांच्यावाचून काम अडतं.

त्या धीरावर मॅडमना पुन्हा विचारलं, यावेळी दार सताड उघडं ठेवून: "कामात त्रास नक्की कशाचा होतो?"

"७ तारखेचा टीडीएस, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्री-बी, त्याचं काही नाही सर. ते ठरलेलंच असतं. रात्री साडेअकराला मेसेज येतात ना, त्यांचा होतो."

"कोण पाठवतं?" मी तावातावाने विचारलं.

मॅडम शांततेला अजिबात न घाबरता माझ्याकडे बघत राहिल्या.

नंतर ती मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचली. नुसतं साहेबांना शिकवून भागत नाही, कामाचा बोजा आणि कामाची पद्धतही बदला, असं त्यांत स्पष्ट आहे. बाईंनी तेही सांगितलं असणार. माझा भागाकार चालू होता. आता रात्री सुचलेलं कागदावर लिहितो आणि सकाळी बोलतो. विक्री विभागाला बिलं ३ तारखेच्या आत द्यायला लावली आहेत. विक्रीचे साहेब त्यामुळे माझ्याशी बोलत नाहीत, पण बिलिंगच्या मॅडम वेळेवर घरी जातात.

कुणाला खरंच सोसेनासं झालं असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे: १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक ऑफिसच्या फळ्यावर लावा. आणि साहेब मंडळींनो, कार्यशाळेला खुशाल जा. फक्त जाण्याआधी ऑफिसच्या ग्रुपवर रात्री दहानंतर टाकलेले स्वतःचे मेसेज एकदा वाचून जा.